दुप्पट

औषधाच्या दुकानात बेल्मीरो सैशासचा नंबर एकोणचाळीस होता आणि भिंतीवरच्या पाटीवर अजून चौतीसच लाल आकड्यांत लुकलुकत होता, तेव्हा त्याच्या पाठीमागे कुणीतरी त्याचं नाव घेतलं. हाक मारली नव्हती. दोन बायका आपसात बोलत होत्या. "अगं, दुसऱ्या कुणाकडे जाऊच नकोस. सैशासकडे जा. चढावर टोप्यांचं दुकान आहे ना, त्याच्या बाजूला नाण्यांचं दुकान आहे त्याचं. आमच्या वरच्या मजल्यावरची दोना ओलिंपिया वडलांची नाणी घेऊन गेली होती त्याच्याकडे. तिने मागितले वीस हजार. आणि ह्या बाबाने तिला दिले किती? चाळीस. मागितल्याच्या दुप्पट! उरलाय का असा माणूस पोर्तोत?" दुसरी म्हणाली, "दुप्पट? डोकं फिरलंय की काय त्याचं?" त्यावर पहिली ठामपणे म्हणाली, "डोकं नाही फिरलं, मी, इदालिना, सांगतेय ना तुला. प्रामाणिक आहे."

बेल्मीरोने मान वळवली नाही. वळवली असती तरी बिघडणार नव्हतं, त्याचा चेहरा त्या बायकांना ठाऊक नव्हता. पण मानेच्या मागच्या बाजूला, कॉलरच्या आत, कुणीतरी थंड बोट टेकवल्यासारखं झालं आणि ते बोट तिथेच राहिलं. समोर काचेच्या कपाटात खोकल्याच्या गोळ्यांचे डबे एकावर एक रचलेले होते. त्याने ते मोजले. पुन्हा मोजले. नंबर छत्तीसवर आला तेव्हा हातातला रक्तदाबाच्या गोळ्यांचा कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि तो रांगेतून बाहेर पडला. दारावरची घंटी वाजली. गोळ्या संपून दोन दिवस झाले होते. बाहेर फेब्रुवारीतल्या पावसाची बारीक भुकटी हवेत नुसती तरंगत होती, खाली पडायलाही तयार नसल्यासारखी. नदीकडून ओला वास येत होता. तो चढ चढू लागला आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं, की 'प्रामाणिक' हा शब्द आपण आजवर स्वतःबद्दल कधी उच्चारलेला नाही. विचार मात्र रोज केलेला आहे. सकाळी दुकानाचं शटर वर करताना, दुपारी कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात पालेभाजीचं सूप पिताना, कुठेतरी मागे तो शब्द असायचा, घरातल्या जुन्या घड्याळाच्या टिकटिकीसारखा. ऐकू येत नाही, पण थांबला तर कळेल असा. आज दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकला आणि वाटलं, हा आपल्या मापाचा नाही.

कारण खोटं तो खरोखरच बोलत नसे. तेहतीस वर्षांत एकदाही नाही. आफ्रिकेत गिनीतल्या लढाईवरून परत आला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. कानात सतत गुणगुण, आणि कुणी मोठ्याने दार लावलं की टेबलाखाली जायची इच्छा. म्हाताऱ्या सेन्योर किंतेलांनी त्याला दुकानात ठेवून घेतलं, कारण त्यांना शांत माणूस हवा होता. पहिल्याच आठवड्यात किंतेला त्याला म्हणाले होते, "हे बघ बेल्मीरो, आपण किंमत सांगायची नाही. आपण विचारायचं, तुमची अपेक्षा काय? किंमत त्यांच्या तोंडून आली पाहिजे. मग आपण नुसतं 'बरं' म्हणायचं. जो बोलला, सौदा त्याने केला. आपण काय केलं? आपण त्याचं ऐकलं." आणि ते हसले होते, खोकत खोकत. दुप्पट देणं मात्र बेल्मीरोचं स्वतःचं होतं. एका कोळ्याची विधवा एक सोन्याचं नाणं घेऊन आली होती, मिठाचा वास येणारी. तिने इतकं कमी मागितलं, की त्याला तिच्याकडे बघवेना. तो पटकन म्हणाला, "नाही बाई, मी दुप्पट देईन." ती रडली. तिने त्याचे हात धरले. त्या संध्याकाळी घरी जाताना कानातली गुणगुण थांबली होती. दुप्पट देऊनही त्या सोन्याच्या नाण्याच्या किमतीचा आठवा हिस्साही त्याने दिलेला नव्हता, पण चालताना पाय किती हलके पडत होते! तेव्हापासून ती सवयच पडली. किंतेला म्हणायचे, "तू मूर्ख आहेस." मरायच्या आधी मात्र म्हणाले, "मी चुकलो रे. तूच माझ्याहून हुशार निघालास." त्या वाक्यात काहीतरी ओंगळ होतं हे बेल्मीरोला तेव्हाही जाणवलं होतं, पण मरणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

ऑक्टोबरात दोना ओलिंपिया आली तेव्हा सगळं शहरच ड्रॉवर उपसत होतं. जुना पैसा जाणार, नवा येणार. एस्कुदो बंद होणार, युरो येणार. लोक गाद्यांखालून, बरण्यांमधून, मेलेल्या माणसांच्या कोटांच्या खिशांतून खुर्दा काढत होते आणि बँकेत नेण्याआधी सहज त्याच्या दुकानात डोकावत होते. सुगीच होती. ती आली एक चौकोनी पत्र्याचा डबा छातीशी धरून. डब्यावर फळांच्या वड्यांचं अर्धवट उडालेलं चित्र. चौऱ्याहत्तर वर्षांची, जन्मभर पाद्र्यांचे झगे शिवलेली, बोटांची टोकं सुयांनी टणक झालेली. आधी तिने दम खाल्ला. मग म्हणाली, "वडील ट्रामवर कंडक्टर होते माझे. कुणी चकचकीत नाणं दिलं की ते बाजूला काढायचे, आणि त्याच्या जागी खिशातलं आपलं घालायचे. हिशोबाला चोख होते हो." बेल्मीरोने टेबलावर हिरवं फडकं पसरलं आणि डबा हलकेच उलटा केला. नाणी घरंगळली. आणि त्याच क्षणी, सगळं स्थिर होण्याच्या आधीच, त्याला ते दिसलं. पाच सेंतावोंचं, तांब्याचं, करंगळीच्या नखाहून थोडं मोठं, बावीस सालचं. त्या सालची इतकी थोडी उरलीत, की कुणाकडे कुठलं आहे हे त्याच्यासारख्यांना तोंडपाठ असतं. कानाच्या खाली एक ठिपका गार झाला. त्याने भिंग उचललं आणि ते नाणं सोडून शेजारचं एक फुटकळ, दिडकीच्या लायकीचं नाणं हातात घेऊन बराच वेळ निरखत राहिला.

हेच आता चढावर त्याला आठवत होतं. डबा नाही, नाणं नाही, ते भिंगच. कारण भिंग खोटं बोललं होतं. तोंड नाही बोललं. तिने विचारलं होतं, "आहे का हो त्यात काही बघण्यासारखं?" तो म्हणाला होता, "जुनी नाणी आहेत, दोना ओलिंपिया. सगळीच बघण्यासारखी असतात." हे काय खोटं होतं? मग तिने पाणी मागितलं, त्याने आतून ग्लास धुऊन आणला. मग त्याने विचारलं, तुमची अपेक्षा काय? आणि ती लाजली. पंचाहत्तरीला आलेली बाई पैशाचा आकडा सांगताना लाजली, आणि वीस हजार म्हणाली. तो चाळीस म्हणाला. बाहेर पाऊस होता. त्याने दुकानाला कुलूप लावलं, छत्री उघडली आणि तिला हाताला धरून बसच्या थांब्यापर्यंत सोडलं. बस येईपर्यंत तो तिच्याबरोबर उभा राहिला. बसच्या खिडकीतून तिने हात हलवला होता.

घरी बायकोने, सेलेस्तेने, मासे तळायला घेतले होते. तिला नाण्याबद्दल सगळं माहीत होतं. तिच्यापासून लपवावं असं त्याला कधी वाटलंच नव्हतं, आणि त्याचंही त्याला आज नवल वाटलं. लिस्बनचा एक संग्राहक दर पंधरवड्याला फोन करायचा. अजून एस्कुदोंतच बोलायचा, साठ लाखांपर्यंत आला होता. बेल्मीरो दर वेळी म्हणायचा, एवढ्यात नाही, भाव चढू दे. सेलेस्तेने त्या साठ लाखांचं घर कधीच बांधून टाकलं होतं, उत्तरेकडे समुद्रकाठी, तिच्या बहिणीच्या गावात. दोन खोल्या आणि लिंबाचं झाड. खिडक्यांचा रंगसुद्धा ठरला होता.

"मी ते परत देणार आहे," तो म्हणाला.

तिने मासा उलटवला. "काय परत देणार आहेस?"

"ते नाणं. म्हातारीला."

"गोळ्या घेतल्यास का आज?"

"नाही."

"मग आधी गोळ्या घे, नंतर बोलू."

"सेलेस्ते, ती लोकांना सांगत फिरतेय. म्हणजे ती नाही, तिची शेजारीण. की मी प्रामाणिक आहे."

"मग? शिव्या घालतायत असं सांगितलं असतंस तर समजले असते." तिने गॅस बंद केला आणि फडक्याला हात पुसत ती त्याच्या समोर येऊन बसली. "तू चोरलंस का ते?"

"नाही."

"खोटं बोललास?"

"नाही."

"तिने मागितलं त्याहून कमी दिलंस?"

"तुला ठाऊक आहे मी काय दिलं ते."

"मग कसली बोच लागलीय तुला? ती दुसरीकडे गेली असती तर वीसच्या जागी दहा घेऊन आली असती. तिकडे कोपऱ्यावरच्या त्या डुकराने तिला पाच दिले असते. तेहतीस वर्षं मी तुझ्या बोटांना येणारा तांब्याचा वास सहन केला, बेल्मीरो. अंथरुणातसुद्धा. एकदा नशिबाने हात दिला, तर तुझ्या मनाला खाज सुटलीय, आणि त्यात जाणार आहे ते माझं घर."

ती म्हणत होती त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. हीच तर पंचाईत होती, की ही सगळी वाक्यं त्याची होती. तीच, त्याच क्रमाने, त्याने ऑक्टोबरपासून स्वतःला ऐकवली होती, आणि आता बायकोच्या तोंडून, तळलेल्या माशाच्या वासात ती इतकी रोडकी, इतकी घासून गुळगुळीत झालेली वाटत होती, की त्यांच्यावरचा ठसाच वाचता येईना. सेलेस्तेचे डोळे भरून आले नाहीत. ती त्यातली नव्हती. शेवटी ती उठली आणि ताटं घेऊ लागली. "जायचं तर जा," ती पाठमोरीच म्हणाली. "पण परत आल्यावर तुला किती हलकं वाटलं ते मला सांगायचं नाही. एवढं एक कर माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो तिसऱ्या मजल्यावर दोना ओलिंपियाच्या दारात उभा होता. नाणं कागदाच्या छोट्या पाकिटात, पाकीट आतल्या खिशात. वर येताना त्याच्या मनात सगळा प्रसंग आधीच घडून गेला होता. तो सांगेल. ती थक्क होईल. मग ती म्हणेल, अहो, तुम्ही इतक्या दिवसांनी स्वतःहून आलात, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. कदाचित म्हणेल, अर्धं तुम्ही ठेवा. तो नको म्हणेल. ती आग्रह करेल. तीन मजल्यांच्या चढात ती तीनदा आग्रह करून झाली होती, आणि तिसऱ्या वेळी तो जवळजवळ कबूल झाला होता.

तिने दार उघडलं आणि तिचा चेहरा उजळला. "सेन्योर सैशास! अहो, तुम्ही! या, या, कोट काढू नका, मी अगदी गरीब माणसासारखी राहते इथे." खोली लहान होती. खिडकीशी शिवणयंत्र, त्यावर कापड झाकलेलं. कोपऱ्यात विजेचा हीटर लालसर तापत होता. तिने बोट दाखवून सांगितलं, "हा बघा तुमचा. तुमच्याच पैशांतून घेतला. मी आणि इदालिना त्याला सैशासच म्हणतो. थंडी वाजली की मी सांगते, अगं, सैशासला लाव जरा." आणि ती मनापासून हसली, तोंडावर हात ठेवून, मुलीसारखी. डाव्या डोळ्यावर तिच्या पांढुरकी साय आली होती. ऑक्टोबरात ती एवढी नव्हती. पाय सुजलेले होते. "आता खाली उतरवत नाही मला. तळमजल्यावर कुठे खोली मिळाली तर बघतेय, पण भाडी काय सांगतात हो लोक!" तिने त्याच्यापुढे मक्याच्या पावाचा तुकडा आणि चीज ठेवलं.

त्याने पाकीट काढून टेबलावर ठेवलं, ते उघडलं, नाणं बाहेर काढलं आणि सांगितलं. सांगायला वाटलं होतं त्याहून फार कमी वेळ लागला. चार-पाच वाक्यं. हे तुमच्या डब्यात होतं. ह्याची किंमत साठ लाख आहे. मी ते ओळखलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही.

ती नाण्याकडे बघत नव्हती. तिची मान किंचित तिरकी झाली होती, ऐकू कमी येणारी माणसं करतात तशी. "कधी ओळखलंत?" तिने विचारलं.

"बघताक्षणीच."

"मी खुर्चीवर बसले होते तेव्हा."

"हो."

"मी पाणी मागितलं. तुम्ही ग्लास धुतलात, मला आतून आवाज आला होता. तेव्हा माहीत होतं?"

"हो, दोना ओलिंपिया."

"मी आकडा सांगितला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं हो. वाटलं, जास्त तर मागितले नाहीत ना. तेव्हा?"

"तेव्हाही."

"आणि छत्री?" ती थांबली. ही गोष्ट विचारावी की नाही असं तिला झालेलं दिसलं. "बसपर्यंत आलात. माझा हात धरला होतात. पाण्याचं डबकं होतं तिथे, म्हणालात, इकडून या."

हीटरची ऊब त्याच्या कोटाच्या आत साचत होती. पाठीवरून घाम ओघळला. त्याला वाटलं, निदान छत्रीचं तरी वेगळं आहे. छत्री तो कुणालाही देतो. ते डबकं खरं होतं, तिचा हात धरताना त्याला खरोखरच काळजी वाटली होती. हे तिला समजावून सांगता येईल का? ते दोन माणसं होती, एक टेबलामागचा आणि एक छत्रीतला, असं म्हणता येईल? पण बस निघून गेल्यावर तो धावत दुकानात परतला होता, कुलूप उघडताना किल्ली दोनदा हातातून निसटली होती. तेही त्याला आठवत होतं. तो म्हणाला, "छत्रीच्या वेळीही माहीत होतं."

"हं," ती म्हणाली.

मग तिने नाणं उचललं. चांगल्या डोळ्याजवळ नेलं, अंगठ्याने चाचपलं, जशी ती आयुष्यभर कापडाची कड चाचपत आली असेल. "मला तर हे आठवतसुद्धा नाही," ती पुटपुटली. तिने ते पुन्हा टेबलावर ठेवलं, त्याच्याकडे न सरकवता. आणि बेल्मीरोला कळलं, की ती ते घेणार आहे. अर्धं ठेवा म्हणणार नाही. तुमच्यासारखा माणूस म्हणणार नाही. तिचंच होतं, तिने घेतलं, त्यात बोलण्यासारखं काय होतं? पण त्याच क्षणी त्याला लख्ख दिसलं, की तो द्यायला म्हणून आलाच नव्हता. तो विकायला आला होता, आणि किंमत नेहमीप्रमाणे समोरच्याच्या तोंडून ऐकायची होती.

"तळमजल्यावर चांगली जागा मिळेल आता तुम्हाला," तो घाईने म्हणाला. "डोळ्याचं ऑपरेशन होईल. हवं तर मी लिस्बनच्या माणसाला फोन करतो. माझा काही संबंध नाही, पैसे सरळ तुमच्याकडे..."

"साठ लाख म्हणालात."

"हो. थोडे जास्तही येतील."

"हे खरं कशावरून?"

ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने कॅटलॉग दाखवला असता, तर तो त्याचाच कॅटलॉग. दुसऱ्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं असतं, तर ते त्याने सांगितलेलं नाव.

"ब्रागामध्ये एक आहेत," तो म्हणाला, "म्हातारे गृहस्थ, फार सरळ..."

"तुमच्या ओळखीचे?"

"हो."

तिने मान हलवली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, घेत होतं, आणि जमत नव्हतं. दोना ओलिंपिया हात मांडीवर ठेवून बसली होती, डोळ्यावरची साय खिडकीच्या उजेडात दुधासारखी दिसत होती. मग ती म्हणाली, "आता हे घेऊन मी कुणाकडे जाऊ?" आणि थोड्या वेळाने, जणू स्वतःलाच सांगावं तशी, "एक होता माझ्या ओळखीचा. त्याच्याकडे नेलं असतं."

बेल्मीरो उठला. पाव तसाच राहिला होता. दारापर्यंत ती त्याच्यामागून आली, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत; पाहुणा निघाला की दारापर्यंत जायचं असतं म्हणून आली असावी. त्याने टोपी नुसती हातात फिरवली. जिन्यावर दिवसाही अंधार होता. तो दोन पायऱ्या उतरला असेल, तेव्हा वरून तिचा आवाज आला.

"कठड्याच्या बाजूने उतरा. खालच्या वळणावर पायरीची कड तुटलीय, वरून दिसत नाही."

तो कठड्याला धरून, पाय चाचपत उतरू लागला. वर दार लागल्याचा आवाज अजून आला नव्हता. वळणावर त्याने पाऊल आडवं टेकवून बघितलं. तिने सांगितलं होतं तिथेच कड तुटलेली होती.